स्प्रिंगफील्ड सहलीवरच्या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

शिकागोहून स्प्रिंगफील्डला (इलिनॉय राज्याच्या राजधानीला) जाणाऱ्या आमच्या एक दिवसाच्या सहलीला आपण दोन स्टार दिलेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या तिथल्या म्युझियममधलं फिरतं प्रदर्शन बघायलाच मिळालं नाही, त्यांनी गेटिसबर्गला केलेल्या प्रसिद्ध भाषणाची मूळ प्रतही दिसली नाही, आत मांडलेलं ‘सगळं खोटंच’ वाटलं, आणि दालनातला मंद उजेड व फोटोबंदी यांची कल्पना आम्ही आधी दिली नाही, अशी आपली तक्रार आहे.

पहिल्या मुद्द्यावर चूक सरळसरळ आमची. माहितीपत्रकात ‘विशेष प्रदर्शनासह’ असं छापलं, तारखा मात्र टाकल्या नाहीत. फिरत्या प्रदर्शनातल्या वस्तू दुसऱ्या संस्थांकडून ठरावीक मुदतीवर आणलेल्या असतात, आणि मुदत संपली की दालन एका रात्रीत बदलत नाही. आधी एकेक वस्तू तपासून कुठे ओरखडा, कुठे डाग, याची नोंद होते, मग ती पेटीत जाते. नव्या प्रदर्शनाच्या पेट्या आल्यावर साधारण 24 तास तशाच बंद ठेवतात. गार ट्रकमधून आलेली पेटी लगेच फोडली तर धातूवर दव धरतं, कागद वाकडा होतो. त्यानंतर मांडणी, दिवे, पाट्या. हे सगळं आटपेपर्यंत दालन बंद, आणि आम्ही आपल्याला नेमकं त्याच दिवसांत नेलं.

गेटिसबर्गचं मात्र वेगळं आहे. लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आज ठाऊक आहेत. स्प्रिंगफील्डची प्रत त्यांनी एडवर्ड एव्हरेट यांना लिहून दिलेली. 19 नोव्हेंबर 1863 ला गेटिसबर्गच्या कार्यक्रमात मुख्य वक्ते एव्हरेटच होते. ते दोन तास बोलले, लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं! इलिनॉयच्या शाळकरी मुलांनी पै-पैसा गोळा केला, म्हणून 1944 मध्ये ती राज्याकडे आली. ती वर्षभर मांडून ठेवत नाहीत, थोडेच दिवस बाहेर काढतात. उजेडाने शाई फिकी पडते, कागद पिवळा होऊन ठिसूळ होतो. हे नुकसान साठत जातं. नंतर अंधारात ठेवून भरून येत नाही.

मंद उजेडाचं कारणही हेच. जुन्या कागदांसाठी 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवायचा प्रघात आहे. ऑफिसच्या टेबलावर तो 300 ते 500 असतो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पाच मिनिटं थांबा, मोबाइल खिशात ठेवा, मग अक्षरं लागायला लागतात. फोटोबंदीत फ्लॅशचा प्रश्न असतोच, पण उसन्या वस्तूंच्या बाबतीत मालक-संस्थेच्या अटीही असतात. हे गाडीतच सांगायला हवं होतं.

‘सगळं खोटंच’ हे आपलं वाक्य मात्र पटलं नाही. म्युझियममधली लिंकन यांच्या लहानपणची लाकडी झोपडी आणि व्हाइट हाऊसच्या खोल्या हे उभारलेले देखावे आहेत, ते तसे लपवलेलेही नाहीत. अस्सल वस्तूंसाठी ‘ट्रेझर्स’ दालन वेगळं आहे. कागद बघताना खालची पाटी आधी वाचावी. ‘फॅक्सिमिली’ लिहिलं असेल तर ती हुबेहूब नक्कल.

विशेष प्रदर्शनापोटी घेतलेले पैसे मूळ कार्डावर परत करत आहोत. यापुढे बुकिंगच्या मेलमध्ये प्रदर्शनाची सुरू आणि बंद होण्याची तारीख असेल, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही म्युझियमला फोन करून खात्री करू. दालन बंद असेल तर तो वेळ लिंकन यांच्या घराला देऊ. ते तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. फक्त वेळेचं तिकीट लागतं, ते पोचल्या पोचल्या काढावं.