‘व्हीपीएस म्हणजे शेअर्ड होस्टिंगच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर व्हीपीएसवर (एका मोठ्या सर्व्हरचे भाग पाडून भाड्याने दिलेल्या आभासी मशीनवर) आहे, महिनाअखेरीला व्याजाची आकारणी लावली की काउंटरवरच्या स्क्रीन अडकतात, आणि ‘लहान व्यवसायांनी डेडिकेटेडच्या वाटेला जाऊच नये’ असं लेखात लिहून मी दिशाभूल केली, हा तुमचा आक्षेप. (डेडिकेटेड म्हणजे एकट्यासाठी भाड्याने घेतलेला अख्खा सर्व्हर.) शिवाय व्हीपीएस म्हणजे शेअर्ड होस्टिंगचंच, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच सर्व्हरवर एकत्र ठेवण्याचंच, गोंडस नाव, असंही तुम्ही म्हणता.

ते ‘जाऊच नये’ मी मागे घेतो. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वेबसाइट आणि छोटी ऑनलाइन दुकानं होती. तासन्‌तास डिस्कवर लिहिणारा डेटाबेस नव्हता.

शेअर्ड होस्टिंगची तुलना मात्र पटत नाही. व्हीपीएस बनवण्याच्या ओपनव्हीझेड या जुन्या पद्धतीच्या काळात तिच्यात बरंच तथ्य होतं. सगळ्यांचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकच असायचा आणि मेमरी असेल त्याहून जास्त विकलेली असायची. आता बहुतेक ठिकाणी केव्हीएम हे आभासी मशीन चालवणारं तंत्र असतं, ते २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. त्यात कर्नल तुमचा स्वतःचा. प्रोसेसर मात्र अजूनही वाटून घेतलेला असू शकतो, आणि तुमचं दुखणं तिथे आहे की नाही हे तपासता येतं.

आकारणी चालू असताना सर्व्हरवर ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) ही लिनक्सची आज्ञा लावा आणि उजवीकडचे ‘डब्ल्यूए’ (wa) आणि ‘एसटी’ (st) हे टक्केवारीचे रकाने बघा. डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ. एसटी म्हणजे तुमच्या मशीनकडे काम तयार होतं, पण तेवढा वेळ प्रोसेसर दुसऱ्या कुणाला दिला गेला. तो आकडा सतत १०-१५ च्या वर राहत असेल तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी. मग आधी राखीव व्हीसीपीयूचा (प्रोसेसरचा वाटा फक्त तुमच्यासाठी ठेवणारा) प्लॅन बघा, तोही अपुरा पडला तर खुशाल डेडिकेटेड घ्या.

एसटी शून्य आणि डब्ल्यूए चढलेला असेल तर गोष्ट वेगळी. डिस्क हळू असेल, किंवा प्रोग्रॅम प्रत्येक खात्याचं व्याज वेगळं कमिट करत असेल, म्हणजे दर वेळी डिस्कवर कायमचं नोंदवून पुढे जात असेल. २०,००० खाती आणि प्रत्येक कमिटला ५ मिलिसेकंद धरा, १०० सेकंद नुसती वाट पाहण्यात गेले. खात्यागणिक चार-पाच कमिट असतील तर सात-आठ मिनिटं. शे-दोनशे खात्यांचा एक गठ्ठा करून कमिट केलं तर त्याच व्हीपीएसवर फरक दिसेल. डेडिकेटेडवरच्या एनव्हीएमई या वेगवान डिस्कने हा दोष झाकला जाईल, पण मिटणार नाही. पैसे मोजण्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना एवढं विचाराच.

डेडिकेटेडबद्दल मी हात आखडता घेतो, त्यामागे एक रात्र आहे. एका ग्राहकाच्या मशीनला दोन डिस्कचं रेड-१ होतं, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. एक डिस्क कधीतरी गेली. इशाऱ्याचा मेल सर्व्हरवरच्याच रूट (मुख्य व्यवस्थापक) खात्यात पडून राहिला, तो मी उघडला नाही. दुसरी डिस्क गेली तेव्हा जुने लॉग चाळताना डिस्कची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅटची ओळ सापडली, दोन्ही डिस्क चालू असल्याच्या ‘यूयू’च्या जागी ‘यू’ आणि पुढे आडवी रेघ. कित्येक आठवडे ते मशीन एका पायावर उभं होतं. होस्टिंग कंपनीने डिस्क बदलायला नऊ तास घेतले, बॅकअपवरून सगळं उभं करायला आणखी एक दिवस गेला. व्हीपीएसवर डिस्कची देखभाल पुरवठादाराची असते आणि स्नॅपशॉट (मशीनची जशीच्या तशी साठवलेली प्रत) असेल तर नवं मशीन बहुधा अर्ध्या तासात उभं राहतं. डेडिकेटेडवर ती नजर तुम्हाला ठेवावी लागते. तुमच्या संस्थेत ते काम कोण करणार, हे आधी ठरवा.

बॅकअप मात्र दोन्हीकडे दुसऱ्या शहरात हवा. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एसबीजी-२ ही सर्व्हर ठेवण्याची इमारत जळाली, तेव्हा बॅकअपही तिथेच ठेवणाऱ्यांच्या हाती काहीच उरलं नाही.

या महिन्याच्या आकारणीच्या वेळचे ते दोन रकाने इथेच टाका, सोबत खात्यांची संख्या आणि कोणता डेटाबेस आहे तेही लिहा. आकडे बघून डेडिकेटेड घ्या असं म्हणावं लागलं तर तसं म्हणेन, आणि मूळ लेखातही दुरुस्ती करेन.