मांदेली का नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. ऑगस्टमध्ये आलात तेव्हा मांदेली नव्हती, डिसेंबरात वेटरनं तिच्याऐवजी बारीक रुपेरी मासे पुढं केले, आणि तुम्ही लिहिलंत: ‘मुंबईत बारमाही मिळते, समुद्र तोच, बेळगावचे हॉटेलवाले गिऱ्हाइकाला खुळं समजतात.’ स्टार किती द्यायचे हा तुमचा हक्क. पण ‘समुद्र तोच’ यावर बोलायलाच हवं, कारण आमचा धंदा रोज सकाळी तिथंच अडतो.

आमच्याकडची मासळी कारवारहून आणि गोव्याहून घाट चढून येते. मांदेली मुख्यत्वे उत्तरेची, गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याची. खंभातच्या आखाताकडं समुद्र उथळ, गढूळ. नर्मदा, तापी, मही, साबरमती तिथंच येऊन मिळतात, त्यामुळं किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारटपणा ऋतूप्रमाणं वरखाली होत राहतो. मांदेलीला ते मानवतं, खाडीच्या तोंडाशीही ती राहते. बोंबलाचंही बरंचसं असंच, म्हणून डोल जाळ्यात, म्हणजे भरतीओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, दोन्ही एकत्र सापडतात. बर्फातली मांदेली मुंबईहून मागवता येते, नाही असं नाही. पण ती नाजूक. बेळगावला पोचेपर्यंत पोट फुटतं. तसली तळून वाढण्यापेक्षा मी ‘नाही’ म्हणतो.

डिसेंबरात तुम्ही खाल्लंत ते मांदेलीच्याच कुळातले, पण वेगळे मासे. मंगळूरकडं बोळंजीर, केरळात नेत्तोली. वेटरनं सांगूनच वाढले होते. तुम्हीच टाकलेल्या फोटोत बिल दिसतंय बघा, त्यावर मांदेली नाही आणि दरही कमी आहे.

आता ऑगस्ट. ‘३१ जुलैला मासेमारीची बंदी उठली, मग मासे गेले कुठं?’ असं तुम्ही खोचकपणे विचारलंय. मांदेलीचं वर सांगितलंच, पण बोळंजीरसारखे बारके मासेही तेव्हा खरंच गेले होते. मे महिन्यात आपल्या किनाऱ्याचं वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर चढतं. त्यात खतपाणी भरपूर, प्राणवायू मात्र कमी. या बारक्या मासळीला ते सोसत नाही. १९७०च्या दशकात कोचीहून बोटींनी समुद्राची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की हे थवे पावसाळ्यात दक्षिणेकडं सरकतात, कन्याकुमारीला वळसा घालून मन्नारच्या आखाताकडं जातात आणि पावसाळा सरल्यावर परततात. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणीही किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडं येऊ लागतं. अरबी समुद्रात किलोभर पाण्यात साधारण ३५-३६ ग्रॅम मीठ. उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेमुळं त्याहून कमी. एवढी उलथापालथ एका वर्षात होते आणि तुम्ही म्हणता, समुद्र तोच!

‘पिझ्झ्यावरची अँकोव्ही बरी वर्षभर मिळते’ हा टोमणाही पोचला. अँकोव्ही म्हणजे मांदेलीच्याच कुळातली, पण ती मिठात मुरवून डब्यात भरलेली असते, साहेब. जिवंत असते तेव्हा तिचेही नखरे कमी नाहीत. युरोपातली अँकोव्ही भूमध्य समुद्राच्या ३८ ग्रॅम खारटपणात राहते आणि काळ्या समुद्राच्या १८ ग्रॅममध्येही. मिठाचं तिला फार वावडं नाही, पण थंडी नको. काळ्या समुद्राला जोडलेला ॲझोव्हचा समुद्र शरदात गार पडू लागला की तिथले थवे केर्चच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्रात उतरतात. पेरूच्या अँकोव्हीचं नेमकं उलट, तिला गारवाच लागतो. एल निनोनं, म्हणजे पॅसिफिक महासागरात काही वर्षांनी येणाऱ्या उष्णतेच्या फेऱ्यानं, पाणी तापलं की थवे खोल जातात, नाहीतर दक्षिणेकडं पांगतात. २०२३ साली पाणी तापलं, जाळ्यात पिल्लंच फार येऊ लागली, तेव्हा पेरू सरकारनं वर्षातला पहिला मोठा हंगामच रद्द केला. जगातली सगळ्यात मोठी अँकोव्ही मासेमारी ज्यांची, त्यांनाही ‘नाही’ म्हणावं लागलं. माझं तर बेळगावातलं लहानसं हॉटेल.

बोर्डावर मांदेलीपुढं ‘आल्यास’ असं आधीपासून लिहिलेलं आहे. गोव्याच्या गाडीतून कधी थोडी चांगली मिळते, त्या दिवशी ती दुपारी दोनपर्यंत संपते. यायच्या आधी सकाळी फोन केलात तर असेल-नसेल ते खरं सांगू. बोळंजीर थंडीत खा, मिरपूड लावून कुरकुरीत करून देतो.

आणि सोलकढी पातळ होती म्हणालात. ती प्यायचीच असते.