‘त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?’

पुस्तक महोत्सवात मुलांच्या दालनात स्वयंसेवक म्हणून काम करू लागले त्याला आता बरीच वर्षे झाली. खुर्च्या लावणे, माईक फिरवणे, स्वाक्षरीची रांग सांभाळणे आणि मागे राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याला पोहोचवणे, असे माझ्या कामाचे स्वरूप असते. त्यामुळे मुलांच्या आणि लेखकांच्या भेटी मी अगदी हाताच्या अंतरावरून पाहत आले आहे. यंदाचा महोत्सव संपल्यापासून काही गोष्टी मनातून जात नाहीत, म्हणून पुढच्या वर्षीची आखणी सुरू होण्याआधी त्या सविस्तर लिहून काढते आहे. आवडत्या लेखकाशी होणारी भेट ही त्या मुलाची असते, आणि ती आपण मोठी माणसे, बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच, त्याच्या हातून काढून घेत आहोत, असे माझे म्हणणे आहे.

यंदा एका लेखिकेच्या सत्राला नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली होती. तिच्या हातात त्या लेखिकेचे पुस्तक होते, पण ते ग्रंथालयाचे होते. कणा पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेला होता, कोपरे झिजून गोल झाले होते आणि पहिल्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के उमटलेले होते. सत्र तासाभराचे होते. त्यातला निम्मा वेळ प्रास्ताविकात, पाहुण्यांच्या परिचयात आणि दोन मनोगतांत गेला. उरलेल्या वेळात मुलांनी चिठ्ठ्यांवरून प्रश्न वाचून दाखवले. आपल्याला लिहिण्याची प्रेरणा कोठून मिळाली, आपले आवडते लेखक कोण, आपण मुलांना काय संदेश द्याल. चिठ्ठ्यांवरचे अक्षर मोठ्या माणसाचे होते, आणि लेखिका उत्तर देत असताना प्रश्न विचारणारे मूल खाली बसून शेजाऱ्याशी बोलू लागलेले असे. त्याचा दोष मी मुलांना देत नाही, कारण जो प्रश्न आपल्याला पडलेलाच नाही त्याचे उत्तर तरी कोण लक्ष देऊन ऐकेल?

सत्र संपायला पाच मिनिटे असताना त्या मुलीने हात वर केला. मी माईक तिच्यापर्यंत नेला. ती म्हणाली, “तिसऱ्या प्रकरणात पावसात एक कुत्रा फाटकापाशी येऊन बसतो. मुलं त्याला म्हणतात, आम्ही आलोच. मग पुढे तो कुत्रा येतच नाही. त्याचं पुढे काय झालं?”

लेखिकेने तिच्याकडून पुस्तक मागून घेतले, ते पान काढले आणि उभ्या उभ्या वाचले. नंतरची दोन-तीन प्रकरणे चाळली. अर्धा-एक मिनिट सभागृहात कोणी बोलले नाही. त्या तासाभरात पहिल्यांदाच सगळी मुले एकाच दिशेने पाहत होती. मग ती म्हणाली, “मी त्याला विसरले. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही.” मुलीने थोडा विचार केला आणि विचारले, “म्हणजे तो अजून तिथेच आहे?” लेखिका म्हणाली, “हो. अजून तिथेच आहे.”

निवेदकाने आभार मानले आणि सत्र संपले.

त्यानंतर स्वाक्षरीची रांग लागली. महोत्सवातील विक्री दालनातून घेतलेल्या पुस्तकांवरच स्वाक्षरी मिळेल, असा तेथे नियम होता आणि तो सांगायचे काम माझ्याकडे होते. मी तो त्या मुलीलाही सांगितला. तिने हुज्जत घातली नाही, पुस्तक छातीशी धरले आणि ती रांगेतून बाजूला झाली. हे लिहिताना आजही मला वाईट वाटते. लेखिकेने मान वर करून पाहिले आणि तिला हाक मारली. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिता येत नाही, हे त्या मुलीनेच लेखिकेला सांगितले. तेव्हा टेबलावर पडलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांपैकी एक उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर लेखिकेने फाटक काढले, फाटकापाशी बसलेला कुत्रा काढला आणि खाली सही केली. मुलीने ती चिठ्ठी आधी पुस्तकात ठेवली, मग पुस्तक परत करायचे आहे हे आठवून ती बाहेर काढली आणि दार ओलांडेपर्यंत दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून नेली.

महोत्सवातल्या एका दिवसाचे सार्थक होण्यासाठी याहून अधिक काही लागते, असे मला वाटत नाही. लहान मुलाला पुस्तक हे पाऊस किंवा झाड यांच्यासारखे आपोआप आलेले वाटते. ते कोणीतरी बसून लिहिले, त्यात काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवले, आणि ठरवता ठरवता एखादी गोष्ट तिच्या हातून निसटलीही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. “मी विसरले” हे दोन शब्द लेखिकेकडून समोरासमोर ऐकल्यावर त्या मुलीला पुस्तकामागचा माणूस दिसला, आणि आपले वाचन इतके बारकाईचे असू शकते की लिहिणाऱ्याच्याही नजरेतून सुटलेले आपल्याला सापडते, हेही तिला कळले. असे मूल पुढचे पुस्तक निराळ्या नजरेने उघडते.

म्हणूनच ज्या लेखकांजवळ स्वतःचे कच्चे खर्डे असतील त्यांनी ते आणावेत, अशी माझी कळकळीची विनंती असते. मागे एका लेखकाने आपल्या गोष्टीच्या पहिल्या पानाचे चार खर्डे आणले होते आणि ते मुलांच्या हातात फिरू दिले होते. तिसरा खर्डा जवळजवळ पूर्ण खोडलेला होता. एका मुलाने तो डोळ्यांजवळ धरून विचारले, “हे कोणी तपासलं?” लेखक म्हणाले, “मीच.” त्या मुलाने कागद शेजारच्याकडे दिला आणि दोन मिनिटांनी पुन्हा मागून घेतला. खाडाखोड ही शिक्षा म्हणूनच ज्याच्या वहीत आजवर आली आहे, त्या मुलाला हा कागद काय सांगत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

मुलांनी लेखकांशी नाते जोडणे हे महोत्सवांमुळे सुरू झालेले नाही. पूर्वी ते पत्रांतून होत असे. ब्रिटिश लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांचा जगभर पोहोचलेला ससा मुळात 1893 साली एका आजारी, पाच वर्षांच्या मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात अवतरला होता. त्या मुलाने ते पत्र जपून ठेवले होते, म्हणून पुढे त्याच्याकडून ते परत मागून घेऊन त्यांना त्याचे पुस्तक करता आले. अमेरिकी लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाक एक आठवण सांगत असत. एका मुलाच्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी चित्र काढलेले कार्ड पाठवले. काही दिवसांनी त्या मुलाच्या आईचे पत्र आले की कार्ड त्याला इतके आवडले, की त्याने ते खाऊन टाकले. आपल्याला मिळालेल्या सर्वांत मोठ्या शाबासक्यांपैकी ही एक आहे, असे सेंडाक मानत. त्या मुलाला ते कार्ड जपून ठेवायचे नव्हते, कोणाला दाखवायचेही नव्हते. आवडले आणि त्याने ते आपलेसे केले.

हे मला फार आठवते, कारण आपल्याकडून नेमके उलटे घडते. मूल लेखकासमोर पोहोचते, काही बोलण्यासाठी तोंड उघडते, आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, “इकडे बघ, इकडे!” मूल वळते, छायाचित्र निघते आणि रांग पुढे सरकते. घरी जे छायाचित्र जाते त्यात मुलाची लेखकाकडे पाठ असते. आईवडिलांना आठवण हवी असते हे मी समजू शकते, पण ज्याची आठवण हवी ती गोष्ट तरी घडू द्यायला हवी ना? छायाचित्र काढायचेच असेल तर बाजूला उभे राहून, मुलाला हाक न मारता काढावे. मूल लेखकाकडे बघत असतानाचे छायाचित्र अधिक चांगले येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलांना वाचक म्हणून मान देण्याची गोष्ट निघते तेव्हा येला लेपमान हे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये गेलेल्या या ज्यू पत्रकार बाई युद्ध संपल्यावर 1945 मध्ये परत आल्या. अन्न आणि छप्पर यांचीच वानवा असताना त्यांनी निरनिराळ्या देशांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके मागवली आणि 1946 मध्ये म्युनिकला त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातून 1949 मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय बाल-युवा ग्रंथालय उभे राहिले. तेथे मुले नुसती पुस्तके नेत-आणत नसत, तर वाचलेल्या पुस्तकांवर आपापसांत चर्चा करत. लेपमान यांच्याच पुढाकाराने 1953 मध्ये झुरिचला बालसाहित्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्मदिवस, 2 एप्रिल, हा 1967 पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होऊ लागला. या दिवसासाठी दर वर्षी एका देशातील लेखक जगभरच्या मुलांना उद्देशून चार शब्द लिहितो आणि एक चित्रकार भित्तिपत्रक तयार करतो. लेखकाबरोबर चित्रकारालाही तेथे जागा आहे, हे मला मोलाचे वाटते. आपल्या महोत्सवांत चित्रकाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच असते, आणि अनुवादकाचे तर जवळजवळ नसतेच. वास्तविक सहा-सात वर्षांच्या मुलाला पुस्तक आठवते ते चित्रांवरून. कोऱ्या कागदावर चित्रकाराने एक रेघ ओढली, दुसरी ओढली आणि तिसऱ्या रेघेला मुलांनी प्राणी ओळखून त्याच्या नावाचा गलका केला, असे मी पाहिले आहे. त्या दिवशी मुलांना शांत बसा असे कोणाला सांगावे लागले नाही.

आता थोडे व्यवहाराचे. एका मुलाशी दोन वाक्ये बोलून, नाव विचारून, ते नीट ऐकून सही करायची म्हटली तर दीड मिनिट लागते. शंभर मुलांना दीडशे मिनिटे, म्हणजे अडीच तास. आपण वेळ ठेवतो अर्धा तास आणि रांगेत सोडतो शंभर-दीडशे मुले. मग लेखकाने मान खाली घालून सह्या करत सुटण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग राहत नाही, आणि मुलाच्या हाती येते ती नुसती शाई. रांगेसाठी क्रमांक द्यावेत, एका सत्राला तीस-चाळीस मुलेच घ्यावीत, आणि फार मुले येणार असतील तर लेखकाला दोन दिवस बोलवावे व त्या दोन दिवसांचे मानधन द्यावे. भाषणे उद्घाटनाला होतात तेवढी पुरेत. मुलांच्या सत्रात लेखकाने पंधरा मिनिटे वाचून दाखवावे आणि उरलेला सगळा वेळ मुलांसाठी मोकळा सोडावा. सुरुवातीला दोन मिनिटे कोणी काहीच विचारत नाही. ती दोन मिनिटे निवेदकाला जड जातात आणि तो स्वतःच प्रश्न विचारून मोकळा होतो. त्याने थांबावे. पहिला हात वर येतोच.

ज्या मुलांचा हात कधीच वर येत नाही त्यांच्यासाठी दाराशी एक पेटी आणि कोरे कागद ठेवावेत. यंदा आम्ही ते करून पाहिले. एका कागदावर फक्त एवढेच होते, “मला तुमच्या गोष्टीतल्या आजोबांसारखे आजोबा नाहीत.” हा प्रश्न नव्हता. लेखकांनी तो कागद मोठ्याने वाचला नाही, घडी करून खिशात ठेवला, आणि तो कोणी लिहिला हे आम्हीही विचारले नाही.

शाळांना एकच सांगणे आहे. मुलांना आणण्याआधी त्या लेखकाचे एक तरी पुस्तक, किंवा निदान एक गोष्ट, वर्गात वाचून झालेली असावी. न वाचलेल्या लेखकाला भेटणे म्हणजे अनोळखी माणसासमोर तासभर बसणे, आणि ते मोठ्यांनाही कंटाळवाणे होते. प्रश्न मात्र मुलांना लिहून देऊ नयेत. मुलांचे प्रश्न ओबडधोबड असतील, एखादा उद्धटही वाटेल. “शेवट मला आवडला नाही,” असे एका मुलाने लेखकाला सांगितले तेव्हा त्याच्या बाईंनी त्याला दटावले होते. लेखकांनी त्याला पुढे बोलावून विचारले की मग तुझा शेवट कसा आहे, आणि त्याचा शेवट ऐकायला आम्ही सगळेच थांबलो.

आवडता लेखक प्रत्यक्षात घुमा किंवा चिडका निघाला तर मुलांचा हिरमोड होतो, अशी धास्ती काही पालक बोलून दाखवतात. तसे कधीमधी होते, हे मी नाकारणार नाही. पण त्या मुलांपैकी एकानेही त्या लेखकाचे पुस्तक टाकून दिल्याचे मी पाहिलेले नाही. पुस्तक आवडायचे ते आवडतेच. मला अधिक अवघड गेले ते एका सहा वर्षांच्या मुलाला उत्तर देणे. त्याने माझ्याकडे येऊन आपल्या आवडत्या लेखकाचे नाव सांगितले आणि ते कधी येणार आहेत, असे विचारले. ते लेखक त्याच्या जन्माआधीच वारले होते. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “पण त्यांनी पुस्तकात मला विचारलंय, तुला काय वाटतं?” त्याला वाटत होते ते मी बसून ऐकून घेतले. लेखक नसतील तेथे ऐकणारे कोणीतरी महोत्सवात असायला हवे, म्हणून त्यासाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या पुढच्या वर्षी ठेवाव्यात, असे मी सुचवले आहे.

आणखी एक गोष्ट मी आयोजकांना लेखी कळवली आहे. पुढच्या वर्षी रांगेच्या तोंडाशी मला उभे केले, तर जुने, फाटके, मोठ्या भावंडांकडून आलेले किंवा ग्रंथालयाचे पुस्तक घेऊन आलेल्या मुलाला मी परत पाठवणार नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मी घरूनच आणणार आहे.