बापूचा लॅपटॉप आणि नंदूचे कागद

बापूनं लॅपटॉप विकायला काढलाय हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. काल येऊन त्यानं जाहीर केलं, "सगळं साफ केलंय. सगळ्या फायली डिलीट, रिसायकल बिनसुद्धा रिकामी. उद्या गिऱ्हाईक येणार."

मेधाचं काम बिघडलेल्या डिस्कमधला डेटा परत काढून देण्याचं. तिच्यासमोर हे बोलायला बापूच पाहिजे.

"बापू, तू दारावरची पाटी काढलीस. बिऱ्हाड आतच आहे."

"म्हणजे?"

"फाइल कुठं आहे याची नोंद गेली, फाइल नाही गेली. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती बऱ्याचदा तशीच पडून असते. फिरत्या हार्ड डिस्कवरून तर फुकटचं सॉफ्टवेअर लावून कुणीही वर काढेल. त्याला माझी गरज नाही."

बापूला माघार घेणं माहीत नाही. "मग चुंबक फिरवतो."

"घरातल्या चुंबकानं हार्ड डिस्कलाही काही होत नाही, त्याला डिगॉसर नावाचं ताकदवान यंत्र लागतं. आणि तुझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. तिथं सगळं चिपमध्ये साठवलेलं, चुंबकाचा संबंधच नाही."

"ड्रिलनं भोक पाडतो!"

"अरे, विकायचाय ना तुला?" नंदू म्हणाला. बापू क्षणभर थांबला आणि मग त्यानं वाचलेलं काढलं. बापूचं वाचलेलं नेहमी अर्धवट असतं. "३५ वेळा पुसायचं असतं. शास्त्र आहे ते."

"संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांचा १९९६ चा लेख," मेधा म्हणाली. "तेव्हाच्या डिस्कसाठी होतं ते. नव्या डिस्कना ते लावण्यात अर्थ नाही, असं पुढं त्यांनीच सांगितलं. फिरत्या हार्ड डिस्कवर एकदा नीट, पूर्ण लिहिलं तरी पुरतं. एसएसडीची गोष्ट वेगळी. सगळ्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून ती लिहिण्याची जागा आपणच बदलत राहते, शिवाय काही जागा राखीव ठेवते. ती तुला दिसतसुद्धा नाही. तू वरून कितीही लिही, जुनं कुठंतरी उरू शकतं. म्हणून डिस्कच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून, सिक्युअर इरेज चालवायचं. डिस्क स्वतःच आतून सगळं पुसते. आणि पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय काहीच वाचता येऊ नये अशी सोय, चालू ठेवलं असतंस, तर नुसती किल्ली नष्ट केली की झालं असतं."

बापूनं शेवटचा पत्ता टाकला. "जुना लॅपटॉप घेऊन माझ्या फायली शोधत कोण बसतंय?"

"अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे दोन विद्यार्थी बसले होते. १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या, २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२. पाच हजारांवर क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. ते अभ्यास करत होते. बाकीचे कशाला बसत असतील?"

"मग घेणाऱ्यालाच सांगतो, पुसून घे म्हणून."

"मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेनंही पुसायचं काम असंच दुसऱ्यावर सोडलं," संजू मध्येच म्हणाला. ते प्रकरण इथं आधी चघळून झालेलं. डेटा पुसण्याचा अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या कंपनीवर भरवसा, डिस्क पोचल्या ऑनलाइन लिलावात, सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती उघड्यावर, आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड. "मी म्हणूनच कुणाला काही देत नाही. सगळे फोन कपाटात."

"फुगू देत बॅटऱ्या," मेधा म्हणाली. "अरे, चालणारी वस्तू कुणाच्या तरी कामी येऊ दे. फोनचं तर सोपं आहे. आताच्या फोनमध्ये एन्क्रिप्शन असतंच, रिसेट केला की किल्ली जाते. फक्त त्याआधी फोनमधल्या गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून बाहेर पड, नाहीतर घेणाऱ्याला फोन तुझा पासवर्ड मागत बसेल. ओटीपीचं अ‍ॅप आधी नव्या फोनवर ने. सिम काढ. मेमरी कार्ड काढ."

"मेमरी कार्ड!" नंदू उसळला. ही त्याची जुनी जखम. संजूनं कार्डासकट फोन भाच्याला दिला होता, त्यात सहलीचे सगळ्यांचे फोटो. "तो पोरगा मला अजून टॉवेलवाला काका म्हणतो!"

"फोटो चांगला होता पण," संजू म्हणाला. पाच मिनिटं विषय टॉवेलवर गेला.

हसू ओसरल्यावर बापू म्हणाला, "हे बघा, माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही."

"तुझं नसेल. नंदूचं आहे," मेधा म्हणाली. "त्याच्या कर्जाला तू जामीन राहिलास ना? त्याच्या ओळखपत्राची प्रत, पगाराचे कागद, सहीचा नमुना, सगळं तू स्कॅन करून बँकेला मेल केलंस. कुठल्या लॅपटॉपवरून?"

नंदूचं हसणं थांबलं. बापूकडं बघून तो म्हणाला, "उद्या कोण येणार म्हणालास?"

कट्ट्यावर इतकी वर्षं वाद ऐकतोय, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही. बापूच्या डिस्कवर बापू एकटा राहत नाही. ज्यांनी विश्वासानं कागद दिले ते सगळे तिथं आहेत, आणि लॅपटॉप विकताना त्यांना कुणी विचारत नाही. निष्काळजीपणा त्याचा, भोगायचं नंदूनं. "मला काय फरक पडतो" हे वाक्य मला त्यासाठीच सहन होत नाही.

बापूनं लॅपटॉप मेधापुढं सरकवला. "तूच पूस."

"बॅकअप घेतलास? एकदा पुसलं की मलाही परत काढता येणार नाही."

"कागद घेतलेत. कविता राहिल्यात."

कट्टा शहारला. वाढदिवसाला बोलावून बापूनं दार लावून ऐकवलेल्या त्या कविता कुणीच विसरलेलं नाही.

"मेधा," नंदू हात जोडून म्हणाला, "तेवढं फोल्डर मात्र ३५ वेळा."

त्यातली पहिली कविता तुझ्यावरच आहे, टॉवेलसकट, असं बापू म्हणाला आणि पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.