सोबत आधारची झेरॉक्स जोडावी

महाराष्ट्रात कुठल्याही काउंटरपाशी जरा वेळ उभं राहावं, 'एक आधारची झेरॉक्स द्या' हे वाक्य कानावर पडतंच. लॉजची खोली असो, जिमची फी असो, नातवाचं पोहण्याचं उन्हाळी शिबिर असो. पंगतीत कुणी मागो न मागो, पानात डावीकडे मीठ पडतं, तशी प्रत्येक अर्जाला ही झेरॉक्स. 'कशाला हवी?' असं विचारलं की काउंटरवरचा माणूस आधी आपल्याकडे संशयाने बघतो आणि मग खरं काय ते सांगून टाकतो: 'फाइलला लागते.'

म्हणजे त्याला नाही, फाइलला. माझं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे. ओळख तपासायची असेल तर कार्ड हातात घ्या, फोटो बघा, तोंड बघा, कार्ड परत द्या. दहा सेकंदांचं काम. पण तपासायचं कुणालाच नसतं, सगळ्यांना साठवायचं असतं. आधारवरच्या फोटोची दोन रुपयांची झेरॉक्स काढली की उरतो टोनरचा काळा ठोकळा, वर केस आणि खाली कॉलर. त्या ठोकळ्याशी समोरच्या माणसाचं तोंड जुळवून बघणारा वॉचमन अजून जन्मायचा आहे.

आधारच्या कागदावर खरोखर तपासण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे तो क्यूआर कोड. त्यात नाव, पत्ता, फोटो आणि आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे असतात, आणि त्या सगळ्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. प्राधिकरणाच्या अ‍ॅपने तो स्कॅन केला की मूळ फोटो पडद्यावर येतो आणि कुणी अक्षर जरी बदललं असेल तरी सही जुळत नाही. बाकी छापील मजकूर बदलायला कात्री, डिंक आणि आणखी एक झेरॉक्स पुरते. गंमत अशी की झेरॉक्सची झेरॉक्स काढताना सगळ्यात आधी मरतो तो हा क्यूआर. त्याचे बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात आणि स्कॅनर हात टेकतो. थोडक्यात, जे तपासता येतं ते पुसून, जे तपासता येत नाही ते आपण निष्ठेने फाइलला लावतो.

कायद्याला हे ठाऊक नाही असं समजू नका. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, कायदा मात्र आला २०१६मध्ये. २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारं कलम ५७ त्या स्वरूपात रद्द केलं. २०१९च्या दुरुस्तीत कलम ८अ आलं. त्याचा मथितार्थ असा, की तुमच्या संमतीने ऑफलाइन, म्हणजे प्राधिकरणाच्या सर्व्हरला न विचारता, पडताळणी करणाऱ्याने पडताळणी जरूर करावी, पण आधार क्रमांक गोळा करू नये, वापरू नये, साठवू नये. हे वाचून मला फार बरं वाटतं. मग सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट आठवतं आणि बरं वाटणं थांबतं.

या साऱ्यावर कळस चढला मे २०२२मध्ये. २७ तारखेला प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी मास्क्ड, म्हणजे क्रमांक झाकलेलं, आधार द्या; परवाना नसलेल्या हॉटेलांनी आणि चित्रपटगृहांनी झेरॉक्स घेऊ नये. इतकं स्वच्छ, सरळ सरकारी मराठीतच काय, कुठल्याच भाषेत सहसा वाचायला मिळत नाही. २९ तारखेला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ते मागे घेतलं. कारण, त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो! नागरिकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं, एवढा सल्ला शिल्लक राहिला. सबंध देशाला दोन दिवस शहाणपणाची परवानगी होती, आणि त्यातले दोन्ही दिवस शनिवार-रविवारला चिकटून गेले.

आता मास्क्ड आधार काढायचं कसं, ते सांगतो. 'माय आधार' संकेतस्थळावर जायचं, आधार क्रमांक आणि कॅप्चा टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर इथेच गाडी अडते, मग आधार केंद्र गाठण्याला पर्याय नाही. आत 'डाउनलोड आधार' उघडलं की मास्क्ड हवं का, असं विचारणारा एक छोटा चौकोन दिसतो. त्यात खूण करायला निम्मे लोक विसरतात. खूण केली की बारापैकी पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या येतात आणि शेवटचे चार दिसतात. फाइल उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही गोष्टी आधार देताना आपण जगाला सांगतच असतो, तेव्हा या पासवर्डने नक्की कुणाला रोखायचं आहे, हे मला उमगलेलं नाही.

इथून पुढे झेरॉक्सवाला. आपल्या खासगीपणाचा खरा राखणदार हाच, आणि त्याला तसं कुणी कळवलेलं नाही. फाइल त्याच्या दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करायची. ती त्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड होते. मग तो गर्दीतून ओरडतो, 'पासवर्ड?' आणि आपण तितक्याच मोठ्याने आपलं नाव आणि जन्मसाल जाहीर करतो. रांगेतल्या सगळ्यांना आपलं वय कळतं. पहिली प्रत तिरकी येते, दुसरी फिकट, तिसरी जमते. पहिल्या दोन प्रती टेबलाखालच्या खोक्यात जातात, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर पुढचे चार दिवस हिशेब होतो. डाउनलोड फोल्डरमध्ये आपलं आधार तालुक्यातल्या अर्ध्या लोकांबरोबर सुखाने नांदतं.

यावर उपाय आहेत, पण ते करायला चेहरा घट्ट लागतो. शक्यतो प्रिंट घरी किंवा ओळखीच्या ठिकाणी काढावी. दुकानातच काढायची तर स्वतःच्या पेनड्राइव्हवरून, त्यावर फक्त तेवढीच एक फाइल ठेवून. (पेनड्राइव्हबरोबर दुकानातला व्हायरस घरी येतो, तो वेगळा विषय.) फाइल पाठवलीच असेल तर काम झाल्यावर 'दादा, तेवढी डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा' असं म्हणून समोर उभं राहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' केल्याने डाउनलोड झालेली प्रत जात नाही, हे ध्यानात असू द्या. आणि बिघडलेल्या प्रती मागून घ्याव्यात. दादा दोन रुपयांसाठी भांडणारा गिऱ्हाईक बघावा तसं बघतात. बघू द्यावं.

छापलेल्या पीडीएफवर कधी कधी पिवळं प्रश्नचिन्ह येतं. कॉम्प्युटरवरच्या पीडीएफ रीडरने डिजिटल सही तपासलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. छापण्याआधी सहीवर राइट क्लिक करून ती व्हॅलिडेट केली आणि प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घातलं की हिरवी खूण येते. न करता कागद नेला तर काउंटरवरचा माणूस, ज्याने आजवर एकही क्यूआर स्कॅन केलेला नाही, त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून म्हणतो, 'हे डाउटफुल दिसतंय.'

आणि फुल्या बघून तर तो हादरतोच. 'यात नंबर झाकलाय.' तेच तर करायचं होतं! इथे वाद घालण्यापेक्षा दुसरं ओळखपत्र पुढे करावं. लॉजला ओळखपत्र हवं असतं, आधारच हवं असतं असं नाही. मतदार ओळखपत्र चालतं, वाहन परवाना चालतो. पॅन मात्र लॉजवाल्याच्या हाती देऊ नये, त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर लिहावं: 'फक्त अमुक कामासाठी, अमुक संस्थेस', खाली तारीख आणि सही. लोक हे कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहितात, म्हणजे पुढच्याला तो कोपरा कापणं सोपं जातं. फोटो आणि पत्त्यावरून आडवं लिहावं, मजकूर वाचता येईल पण लिहिलेलं वगळून कॉपी निघणार नाही असं. अक्षर वाईट असलं तर उत्तम.

साठवणुकीचंही बघा. सोसायटीत मावशींचं आधार लागतं, ड्रायव्हरचं लागतं, भाडेकरूचं तर दोन प्रतींत. मालक सभासदांचं कधी कुणी मागितल्याचं ऐकलं नाही. ते जन्मतः सज्जन असावेत. कपाटाची किल्ली वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये असते, कमिटी बदलली की फाइली जिन्याखाली जातात, आणि दिवाळीच्या सफाईत रद्दीत. साऱ्या साखळीत आधार न मागणारा माणूस एकच, रद्दीवाला. त्याला ती किलोने मिळतात.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यासाठीच आहे, असं सांगतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना पुढे अठरा महिन्यांची मुदत. दंड २५० कोटींपर्यंत. वाचून हुरळू नका, तो सरकारजमा होतो. उलट नागरिकाने उगाच खोटी तक्रार केली तर त्यालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे, हा भाग मला विशेष आवडला. शिवाय कायदा डिजिटल डेटाचा; जिन्याखालची कागदी फाइल स्कॅन होईपर्यंत बिनघोर आहे.

आता नुसत्या क्रमांकाने बँक रिकामी होते का? नाही. ओटीपी किंवा अंगठा लागतो. पण घोळ अंगठ्यातच आहे. गावोगावच्या बँक मित्राकडच्या (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडच्या) यंत्रावर आधारने पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. आणि ठसे जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवर उमटलेले असतात. त्यावरून नकली अंगठे बनवून पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांनी काही राज्यांत पकडली आहेत. न काढलेले पैसे गेल्याचा मेसेज आला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि बँकेला लेखी तक्रार, तीही तीन कामकाजी दिवसांच्या आत. चूक आपली नसेल आणि मुदतीत कळवलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भुर्दंड आपल्यावर येत नाही. आपल्या नावावर कुणाकुणाची सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर दिसतं. मर्यादा नऊची आहे. आपण एक वापरत असू आणि तिथे सहा दिसली, तर अनोळखी पाचांवर खूण करून कळवता येतं.

अंगठ्यावर इलाज म्हणजे बायोमेट्रिक लॉक. 'माय आधार'मध्येच आहे, फुकट आहे, दोन मिनिटांत होतं. मग तुमचा अंगठा कुठेच चालत नाही. कुठेच म्हणजे रेशनच्या दुकानातही. तिथे यंत्र एरर दाखवतं, दुकानदार बोट पुसायला सांगतो, मग ओलं करायला सांगतो, मग दुसरं बोट मागतो, शेवटी 'आजी, तुमचे ठसे झिजलेत' असं निदान करतो. कुलूप आहे हे त्याला सुचत नाही, आजींनाही नाही, कारण ते लावलंय सुनेने. लॉक तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांसाठी. तेवढ्यात नंबर आला तर ठीक, नाही तर पुन्हा ओटीपी. ओटीपी येतो सुनेच्या फोनवर, आणि सून फोन सायलेंट करून मीटिंगमध्ये बसलेली असते.