तारीख हमखास हुकवायची असेल तर टीम अशी लावा

सॉफ्टवेअर प्रकल्पाचं वेळापत्रक करायला बसलात की आधी माणसांची नावं पुसून टाका. ‘सीनियर डेव्हलपर – २, टेस्टर – १’ एवढं एक्सेलला पुरतं. पेमेंटचं मॉड्यूल एकट्या कोणाच्या डोक्यात आहे, कोणाचा रिव्ह्यू (दुसऱ्याच्या कोडची तपासणी) कोणाला झोंबतो, असल्या चौकशा करत बसलात तर शीट भरायची राहून जाईल.

काम ६० मनुष्य-महिन्यांचं आहे ना? मग पाच जणांना वर्षभर कशाला राबवायचं? तीस जण लावा, दोन महिन्यांत उरका. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं ओतली की तो आणखी लांबतो. पण आपला प्रकल्प वेगळा आहे. प्रत्येकाचाच असतो. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १०, तीस जणांत ४३५. जोड्या फारच झाल्या तर सगळ्यांना एकाच कॉलवर घ्या. कॅमेरे बंद करून निम्मे लोक आपापलं काम करतील, तेवढीच बचत.

माणसं वाढवण्याचा मुहूर्त मात्र साधायला हवा. रिलीजला सहा आठवडे उरले की आणा, त्याआधी नको. नवा गडी सुरुवातीचे दिवस रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, परवानगीची वाट पाहण्यात घालवेल. परवानगी आली की बिल्ड फुटेल, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅमच तयार होणार नाही, कारण रीडमी या सूचनांच्या फाइलमध्ये लिहिलेली कॉन्फिग फाइल कधीच दुसरीकडे हलवलेली असते. ती कुठे गेली हे एकालाच माहीत असतं, आणि रिलीजही नेमकं त्याच्यावरच अडलेलं असतं. केटी, म्हणजे नव्याला कामाची शिकवणी, त्यालाच द्यायला लावा. दोन आठवड्यांनी नव्याची पहिली पुल रिक्वेस्ट (‘माझा कोड तपासून घ्या’ ही विनंती) येईल, चाळीस फाइलींची, तीही त्याच्याच रांगेत. शीटमध्ये मात्र नव्याची क्षमता पहिल्या दिवसापासून १०० टक्के धरा आणि शिकवणाऱ्याचीही १०० टक्केच राहू द्या.

चांगला माणूस एकाच प्रकल्पाला देणं ही उधळपट्टी. ५० टक्के इथे, ३० तिथे, २० सपोर्टला. बेरीज बरोबर शंभर येते. दोन स्टँडअप (रोजच्या छोट्या बैठका), दोन कोडबेस आणि मधूनच वाजणारा प्रॉडक्शनचा अलार्म यांचं खातं त्या शंभराच्या बाहेर. दोन्ही मॅनेजर मनातल्या मनात त्याचे ८० टक्के धरून चालतात, ते वेगळंच.

कोणी रिकामं दिसता कामा नये. एका माणसापुढच्या रांगेत लहानमोठी कामं कशीही येऊन पडत असतील, तर साध्या रांगगणिताप्रमाणे तो ८० टक्के गुंतलेला असताना काम सरासरी आपल्या कालावधीच्या चौपट थांबतं, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ला एकोणीसपट. म्हणजे रिव्ह्यू सरासरी दोन तासांचा असेल, तर त्याला हात लागेपर्यंत ३८ तास जातात. जवळजवळ अख्खा कामाचा आठवडा. तेवढ्यात ब्रांच (कोडची वेगळी काढलेली प्रत) जुनी होते, ती मूळ कोडमध्ये मिसळताना मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात, टेस्टर बसून राहतो. टेस्टरलाही आणखी एक प्रकल्प द्या.

काम पाच टीम्सना वाटा आणि इंटरफेस, म्हणजे एका टीमचं काम दुसरीच्या कामाशी कसं जोडायचं, हे कोणी ठरवायचं ते मोघम ठेवा. प्रत्येक टीम वेळेत संपवण्याची शक्यता स्वतंत्रपणे ८० टक्के असली, तरी पाचही वेळेत येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास उरते. स्लाइडवर ८०च लिहा.

एस्टिमेट घेताना सगळ्यांसमोर सर्वात ज्येष्ठाला आधी बोलू द्या. तो ‘तीन दिवस’ म्हणाला की आठ दिवस मनात असलेला ज्युनियर ‘चार’ म्हणतो. सगळ्यांनी आपापला आकडा एकदम उघड करायचा, हा प्लॅनिंग पोकरचा प्रकार त्यासाठीच टाळावा. चर्चा निघते.

इतकं करूनही एखादी टीम जमतेच. कोण अडकलं की गप्प बसतं, कोणाचं ‘जवळजवळ झालंय’ म्हणजे अजून दोन दिवस, हे त्यांना एकमेकांचं कळायला लागतं आणि त्यांचे अंदाज खरे ठरू लागतात. रिलीज झाल्याबरोबर अशी टीम पाच दिशांना पांगवा. पुढच्या प्रकल्पाला बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना बसलेला, जो सापडेल तो द्या. जुन्या कोडमधले बग तेवढे त्या पाच जणांच्याच नावावर राहू द्या, सपोर्टच्या त्या २० टक्क्यांत.