रक्त माझं, निदान काकांचं

‘नमुना हिमोलाइज झालाय, परत द्यावा लागेल.’ म्हणजे नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या. रक्त बारीक सुईतून जोरात ओढलं किंवा नळी घुसळली की त्या फुटतात. पण फोनवरच्या बाईंचा सूर असा, की माझ्याच पेशींना शिस्त नाही.

पुन्हा रांगेत बसलो. शेजारच्या काकांनी माझ्या हातातला कागद न विचारता वाचला.

‘एसजीपीटी! म्हणजे लिव्हर. घेता वाटतं?’

‘नाही हो. सांध्यांचं नवं औषध सुरू करायचंय, ते यकृताला जाचतं. म्हणून आधी बघून ठेवायचं.’

‘कधीतरी?’

‘कधीच नाही.’

‘बिअर धरून सांगताय ना?’

समोरच्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मी म्हटलं, काका, यकृतात चरबी साठली, एखादं औषध बाधलं, फार कसून व्यायाम केला तरी हे वाढतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘व्यायामाचं काढून टाका.’ मग ‘डोळे दाखवा बघू, पिवळे आहेत का,’ म्हणाले. आणि मी दाखवले! याचाच राग अजून जात नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा रिपोर्ट उघडला. ‘माझा ३८. मर्यादा ४०. आहे ना काबूत?’ ही मर्यादासुद्धा प्रयोगशाळेगणिक बदलते, पण हे त्यांना सांगणार कोण?

यंत्र बरं, चौकशा करत नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम; यंत्र त्याचं वजन करत नाही, त्याचं काम बघतं. ३७ अंशांवर त्याच्यापुढे अ‍ॅलनिन आणि कीटोग्लुटारेट ही रसायनं ठेवायची, त्यातून पायरुव्हेट तयार होतं. दुसरं एन्झाइम त्याचं लॅक्टेट करतं, त्यात एनएडीएच नावाचं मदतनीस रसायन खर्ची पडतं, आणि ते किती वेगानं घटतंय हे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. या जातीच्या एन्झाइमसाठी एनएडीएचवर पाळत ठेवायची ही युक्ती आर्थर कार्मेन यांची, १९५५ सालची. एवढ्या नाजूक हिशेबासाठी नळीत येणारं रक्त मात्र घाईघाईनं ओढायचं, आणि बिघडलं की दंड कोणाच्या दंडाला? आधीची निळी खूण जिरली नव्हती, तिच्याच शेजारी टोचलं. ‘सॉरी’ राहू द्या, ‘बसा’सुद्धा कुणी म्हणालं नाही.

रिपोर्ट आला. ३१. काकांपेक्षा चक्क सातनं कमी, आणि त्यांना कळवायची काही सोय नाही.